लावा दिवा

थांब, थांब. त्याला हात लावू नकोस.

कुठली फाइल म्हणालीस? रंगांचा ड्रायव्हर? मागे गुपचूप चालतोय, तू तर काही टाकलेलं नाहीस, म्हणून तुला वाटतंय व्हायरसच असणार. बरोबर आहे. शंका यायलाच पाहिजे, शंका येत नाही तो या धंद्यात टिकत नाही. पण शंका आली की लगेच उडव, हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही शिकवलं.

बस इथे. तूही ये रे चष्मेवाल्या, तो मोबाइल खिशात ठेव जरा. बारा कॉम्प्युटर अपडेटला लावलेत आणि पहिल्यावर अजून चौतीस टक्केच दिसतायत. नऊ वाजून गेले, या ऑफिसातली माणसं केव्हाच घरी जाऊन जेवली असतील, आणि आपण तिघं इथे टक्के मोजत बसलोय. दहाच्या आत काही आपली सुटका नाही. तेवढ्यात एक घडलेली गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाबरोबर घडलेली आहे.

त्याला सगळे स्क्रू म्हणायचे. कॉम्प्युटर उघडताना काढलेले स्क्रू तोंडात धरायची सवय होती त्याला. बोलायचाही तसाच, दातांच्या फटीतून. बायको म्हणायची, एक दिवस गिळाल आणि मग तुम्हालाच उघडावं लागेल. पण माणूस कामाला पक्का. परकी फाइल दिसली की तीन प्रश्न विचारायचा. नाव काय, गाव कुठलं, सही कुणाची? स्थळ आलं की आपण चौकशी करतो ना, तशी. नाव तर कुणीही कसलंही घेतं. गाव म्हणजे ती कुठल्या फोल्डरात राहते ते. नीट घरात राहते की कुठल्या तरी तात्पुरत्या कोपऱ्यात दडून बसलीय? आणि सही म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही, ती खरी आहे का? तिन्ही जमलं आणि वरून स्कॅनही स्वच्छ निघालं, तर फाइलीशी सोयरीक करायला हरकत नाही.

काय गं, हसतेस काय? लिहून ठेव, उपयोगी पडेल.

तर अकरा डिसेंबरची गोष्ट. वार गुरुवार. संध्याकाळी सव्वासातला स्क्रू हातात बॅग घेऊन फोटोमामांच्या स्टुडिओत गेला. त्यांना सगळेच फोटोमामा म्हणायचे. खाली दुकान, वर घर. पुढे काचेचं काउंटर, काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने, मग एक जाड पडदा, आणि पडद्यामागे कामाची खोली. त्या खोलीच्या चारही भिंती राखाडी. छतसुद्धा राखाडी. मामींनी मुद्दाम तसा रंग लावून घेतला होता. रंगीत भिंत डोळ्याला फसवते म्हणायच्या, माणसाच्या गालावर भिंतीचा रंग चढतो. मामी म्हणजे मामांची बायको. मे महिन्यात गेल्या. सात महिने झाले होते.

खोलीत सामान बांधलेलं होतं. खोकी, दोरी, गुंडाळलेले पडदे. नुसता कॉम्प्युटर, त्याचं टेबल, प्रिंटर आणि दोन स्टुलं राहिली होती.

"उद्या सकाळी नऊला लेक येतेय गाडी घेऊन," मामा म्हणाले. "तिच्याकडेच राहायचंय आता. दुकानाच्या किल्ल्या परवा दुसऱ्याला जातील."

"मग हे आत्ता कशाला तपासायचं, मामा?"

"अरे, ती सारखी सूचना येते, अमुक तमुक मागे चालू आहे, चालू द्यायचं का? लेक म्हणाली, बाबा, कुणालातरी दाखवून घ्या, एखाद्या दिवशी सगळे फोटो उडतील. मला तर एकच फोटो हवाय. तेवढा आज नीट निघाला की मग हे मशीन विहिरीत टाक, मी विचारणार नाही."

तो फोटो त्यांनी उघडून दाखवला. मामी खिडकीपाशी बसलेल्या. अंगावर डाळिंबी शाल, नजर जरा बाजूला, हसू यायच्या बेतात. शेवटच्या दिवशी दुपारी काढलेला. उभ्या जन्मात नवऱ्यानं बायकोचा एकटीचा काढलेला एवढाच चांगला फोटो. चांभाराची बायको अनवाणी म्हणतात ना, तसलं. आणि त्याचा प्रिंट अजून निघालाच नव्हता.

"का हो नाही काढलात? सात महिने?"

मामा दाराकडे बघून आले. दुकानात कुणी नव्हतं, तरी बघून आले. मग म्हणाले, "एक सांगतो, कुठे बोलू नकोस. मला लाल आणि हिरवं कळत नाही. निळं कळतं, पिवळं कळतं. लाल-हिरवं सगळं एकाच मातीचं दिसतं."

स्क्रूच्या तोंडात स्क्रू होता म्हणून बरं, नाहीतर मोठ्यांदा हसला असता. "मामा! तीस वर्षं फोटोग्राफर आहात!"

"फोटो माझा रे. उजेड माझा. रंग तिचा. सगळ्यांना वाटायचं बाई हाताखाली मदत करतेय. मी नुसतं बटण दाबायचो, चेहऱ्यात रक्त ती भरायची. प्रिंट हातात आला की लांब धरून बघायची आणि म्हणायची, आला बघा माणूस. ती तसं म्हणाली की मगच प्रिंट पाकिटात जायचा. आता सांग, तिचा फोटो मी कुणाच्या डोळ्यांनी काढू?"

 स्क्रू कॉम्प्युटरसमोर बसला.

नाव विचारलं. स्क्रीनवरचे रंग खरे ठेवणारा ड्रायव्हर. गाव विचारलं. जिथे असायला हवा तिथेच, सरळ घरात. सही बघितली. खरी. स्कॅन केलं, स्वच्छ. एवढ्यावर उठला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या ड्रायव्हरची एक नोंद असते, कधी काय केलं त्याची, ती त्यानं उघडली. रोज रात्री आठ चाळीसला स्क्रीनच्या रंगांची मोजणी सुरू. आठ सेहेचाळीसला मोजणी पूर्ण, नवी प्रोफाइल, म्हणजे रंगांच्या मापाची फाइल, तयार. काल. परवा. त्याच्या आदल्या दिवशी. एकही खाडा नाही.

"मामा, रोज रात्री हे तुम्ही चालवता?"

"मी? मला काय येतंय त्यातलं? मी कशालाही हात लावत नाही. मशीन चालू असतं एवढंच."

झालं. न सांगता रोज ठरलेल्या वेळी काम करणारी फाइल म्हणजे सही खरी असली तरी आत दुसराच कुणीतरी बसलाय, असं स्क्रूला वाटलं. वाटणारच. तुम्हालाही वाटलं असतं. पण त्यानं मामांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही. घड्याळात आठ वाजत होते. त्यानं ड्रायव्हर काढून टाकला, मुळापासून, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

स्क्रीन उजळली ती थंडगार निळसर.

मामा मागून पुढे आले. "हे काय केलंस? निळी पडली ती."

"काही नाही हो, परत मोजणी करू. ते मोजायचं यंत्र असेल ना तुमच्याकडे? स्क्रीनवर लटकवतात ते. द्या इकडे."

मामा हलले नाहीत. मग सावकाश खाली बसले, टेबलाचा खण ओढला, आणि रुमालात बांधलेलं काहीतरी त्याच्या हातात दिलं. मुठीएवढी काळी डबी. मधे भिंग. तिची वायर स्क्रीनच्या वरून मागे सोडायची, वायरीला मागच्या बाजूनं एक छोटं वजन असतं, म्हणजे डबी काचेला चिकटून लटकते. मामी तिला डोळा म्हणायच्या. डबीची दोन शकलं झाली होती. वायर मुळापासून उपटलेली.

"हे... कधी फुटलं?"

"अकरा मेला."

आता हे नीट ऐका. मामा बोलले ते जसंच्या तसं सांगतो.

ते म्हणाले, "रोज दुकान बंद करायच्या आधी ती डोळा लावायची. खोलीत अंधार लागतो, बाहेरचा उजेड आत शिरला की मोजणी चुकते. दिव्याचं बटण या पडद्यापाशी आहे, म्हणून दिवा मालवायचं काम माझं. मालवायचा आणि इथेच स्टुलावर बसायचं. सहा मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही. इथून स्क्रीन दिसत नाही, तिची पाठच दिसते. भिंतीवर नुसते रंग हलतात. झालं की ती म्हणायची, लावा दिवा. मग मी लावायचा. नऊ वर्षं रोज. त्या दिवशी दुपारपासून डोकं धरून होती. म्हणाली, आज राहू दे का? मी म्हटलं, अगं एवढी मोजणी कर, तुझा फोटो आजच काढून टाकू. मलाच घाई..."

"मामा, राहू द्या."

"नाही, ऐक. मी दिवा मालवला. बसलो. थोड्या वेळानं काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं डोळा निसटला असेल, लावेल ती परत. बोलायचं नाही ना. मी बोललो नाही. भिंतीवरचे रंग थांबले. मी बसलो. ती म्हणेना, लावा दिवा. मी आपला बसलो. वीस मिनिटं बसलो रे मी... ती टेबलावर डोकं ठेवून होती. डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणलं असतं तर."

स्क्रूनं तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला. तसं तो कधी करत नसे.

"मग आता रोज रात्री...?" त्यानं विचारलं.

"मालवतो दिवा. आठ चाळीसला. सवय रे. बसतो. भिंतीवर रंग हलतात थोडा वेळ, मला वाटतं मशीनचं आपलं आपलं चालतं. मग थांबतात. पण लावा दिवा असं कुणी म्हणत नाही, मग मला कळत नाही कधी उठायचं. कधी तास जातो. कधी तिथेच सकाळ होते. लेकीला कळलं ते, म्हणून तर नेतेय मला."

स्क्रूच्या हातात ती दोन शकलं होती. नोंदीत लिहिलेलं त्यानं स्वतः वाचलं होतं. काल रात्री आठ चाळीस, यंत्र जोडलेलं आहे, मोजणी सुरू. यंत्राचा नंबरही होता तिथे. त्यानं शकल उलटं केलं. मागच्या चिकटपट्टीवर तोच नंबर.

चष्मेवाल्या, काय? हो, दुसऱ्या डबीलाही तोच नंबर पडला असेल, कंपनीची चूक असेल, सगळं असेल. त्यानंही तेच म्हटलं मनाशी. आणि मामांना काहीच सांगितलं नाही.

आधी काम. उद्या सकाळी नऊला गाडी येणार होती. ड्रायव्हर परत टाकावा म्हटलं तर त्या कंपनीचं दुकान कधीच उठलेलं, फाइल मिळेना. स्क्रू म्हणाला, मला तर रंग दिसतात ना, मी करतो. त्यानं तो निळसर चेहरा डोळ्यांनी सुधारला, थोडं पिवळं, थोडं लाल, आणि छोटी पट्टी छापली. मामी काविळीनं उठल्यासारख्या. परत केलं. आता गाल असे लाल की लग्नात नाचून आल्यासारखे. तिसरी पट्टी, चौथी, पाचवी. मापच खोटं, तर कापड कसं बसणार? सहावी पट्टी मामांनी हातात घेतली, लांब धरली, आणि विचारलं, "आला का माणूस?"

"नाही आला, मामा."

त्यांनी पट्टी उलटी करून ठेवली.  

मग स्क्रूला सुचलं की ड्रायव्हर गेला तरी जुन्या प्रोफाइल फोल्डरात असतीलच. त्यातली एखादी हातानं चढवून बघू. त्यानं फोल्डर उघडला. तीन हजारांवर फायली. मोजणी सुरू करताना तो प्रोग्राम विचारायचा, या प्रोफाइलला नाव काय देऊ? लोक तारीख लिहून मोकळे होतात. मामी... मामी दिवस लिहायच्या. नऊ वर्षं, रोज एक ओळ. नवरा पाठीमागे अंधारात गप्प बसलेला असताना.

"मामा, चष्मा आहे?"

"खोक्यात गेला. का रे?"

"मग मी वाचतो. तीन जून. 'हिरवा समजून लाल शर्ट घालून गेले लग्नाला. मी सांगितलं नाही. छान दिसत होते.'"

मामा बघतच राहिले.

"वीस ऑगस्ट. 'पासपोर्टवाले अकरा. हसला एकही नाही.' सात जानेवारी. 'भांडण. सहा मिनिटं बोलायचं नाही, बरंच झालं.' आठ जानेवारी. 'सहा मिनिटं फार होतात.'"

मामा हसले. रडतही होते. "अजून वाच."

"दोन मार्च. 'लेक गेली आज. घर केवढं मोठं आहे हे.' एकोणीस एप्रिल. 'माझाही एक फोटो काढा की कधी.' आणि अकरा मे..." स्क्रू थांबला. ती फाइल रिकामी होती, मोजणी अर्धवट राहिली होती ना. पण नाव होतं. "'काढला एकदाचा. डोकं ठणकतंय. फोटो बघून मगच झोपणार.'"



"त्यानंतर?" मामांनी विचारलं.

त्यानंतर बारा मेची फाइल होती. तेरा मेची होती. चौदा, पंधरा, रोजची, कालपर्यंतची. वेळ आठ सेहेचाळीस.

"सांग ना. त्यानंतर काय लिहिलंय?"

"टिंबं आहेत, मामा. नुसती तीन टिंबं. सगळीकडे."

मामांनी मान हलवली. "अशीच करायची ती. मनाला लागलं की गप्प व्हायची. बोल म्हटलं तरी बोलायची नाही..." आणि बोलता बोलता ते उठले, पडद्यापाशी गेले. हात आपोआप बटणाकडे. स्क्रूनं घड्याळ बघितलं.

आठ चाळीस.

"मामा, नको..."

दिवा गेला.

काय गं? हा स्क्रू म्हणजे मीच ना? गप. ऐकायचंय ना पुढचं?

अंधार. स्क्रीन चालू. समोर मामींचा निळसर चेहरा. स्क्रू तिथेच, टेबलापाशी. मामा मागे, स्टुलावर. मध्ये आठ पावलं.

त्याला उठायचं होतं. उठला नाही.

मग टक् असा आवाज झाला. स्क्रीनच्या मागच्या बाजूला. वायरीचं वजन पाठीवर आपटतं ना, तसा. तेवढाच.

फोटो गेला. स्क्रीन काळी झाली... मग लाल. नुसती लाल, काठापासून काठापर्यंत.

ड्रायव्हर नव्हता. त्यानंच काढला होता. डोळा त्याच्या मांडीवर होता. दोन शकलं. दोन्ही हातांनी धरलेली.

हिरवी.

निळी.

राखाडी. जरा फिकी राखाडी. अजून फिकी...

भिंतीवर रंग हलत होते. मामांचा श्वास ऐकू येत होता. स्क्रूला आपला स्वतःचा येत नव्हता. स्क्रीनच्या मधोमध एक गोल होता, तळहाताएवढा, तिथे उजेड दिसत नव्हता. तिथे काहीतरी लावलेलं असावं तसा.

त्यानं हात पुढे केला नाही. तुम्ही केला असता? मी नसता केला.

लाल.

हिरवी.

पांढरी.

...

थांबलं.

फोटो परत आला. स्क्रूनं तोंड जवळ नेऊन बघितला. निळं गेलं होतं. खिडकीतला उजेड ऊबदार झाला होता, गालाला गाल आला होता, आणि शाल... शाल डाळिंबी होती.

पण दिवा लागला नव्हता. मामा बसलेलेच. अंधारात. रोजच्यासारखे.

स्क्रूला बोलायचं होतं, मामा, झालं, लावा की आता. जीभ उचलेना. अर्धं मिनिट गेलं असेल. एक गेलं असेल. तो मनात म्हणत होता, आज परत तास बसणार हा माणूस. सकाळ होणार याची इथे.

आणि मामा उठले.

बटण दाबलं. खोली उजळली. ते तिथेच उभे, हात अजून बटणावर, तोंडावर असं काही की लहान मुलाला शाळेतून घरी न्यायला कुणीतरी आलंय.

"ऐकलंस ना?" त्यांनी विचारलं.

स्क्रूनं काहीही ऐकलं नव्हतं. काही म्हणजे काही नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. त्यानं मान डोलावली.

मग त्यानं मघाचं सगळं पुसून टाकलं, मूळ फोटो घेतला, खऱ्या स्क्रीनवर तो बघितला आणि केसाएवढा फरक केला. मोठा कागद लावला. प्रिंटर घरघरत राहिला, दोघंही बघत उभे. प्रिंट निघाल्यावर मामांनी एक खोकं फोडून ती शाल काढली आणि स्क्रूच्या हातात दिली. त्यानं शाल प्रिंटला लावून बघितली. धागा वेगळा काढता येईना.

मामांनी प्रिंट लांब धरला. "मला मातीच दिसणार रे. तू सांग. आला का माणूस?"

"आला, मामा."

मग ते खोक्यावर बसले आणि मनसोक्त रडले. सात महिन्यांचं रडले. स्क्रू शेजारी बसून राहिला. डोळे पुसून झाल्यावर मामांनी पहिली गोष्ट काय विचारावी? "मग लेकीला काय सांगू? सेफ आहे ना ते?"

"आहे," स्क्रू म्हणाला. "काही धोका नव्हता त्याच्यापासून."

त्या रात्री मामा वर जाऊन पलंगावर झोपले. सकाळी लेक आली. प्रिंट बघून दारातच थबकली, आईच्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बाबा, हे कुणी केलं? मामा म्हणाले, तुझ्या आईनं. तिला वाटलं, शेवटचं काम असेल तिचं. ते तसं खरंही होतं. जाताना मामांनी ते मशीन स्क्रूला देऊन टाकलं. विहिरीत टाकू नकोस म्हणाले, आणि हसले.

आज मामा बरे आहेत. रात्री नऊला जेवून झोपतात असं लेक सांगते. प्रिंट त्यांच्या उशाच्या भिंतीवर आहे.

मशीन स्क्रूच्या घरी आठ दिवस तसंच पडून होतं. नवव्या दिवशी त्यानं ठरवलं, पुसून टाकू, कुणा गरजूला देऊ. पुसण्याआधी फोल्डर एकदा उघडला. मामींच्या ओळी लेकीला पाठवून द्याव्यात असं मनात होतं. त्यानं यादी तारखेनं लावली, ताजं सगळ्यात वर. त्या रात्रीनंतर त्यानं ती बघितलीच नव्हती. खाली बारा मे ते दहा डिसेंबर, मोजून दोनशे तेरा फायली. सगळ्यांना तीच तीन टिंबं.

त्यांच्या वर एक होती. अकरा डिसेंबर, आठ सेहेचाळीस. त्याच्यापुढे आजतागायत एकही नाही. ड्रायव्हर त्यानं आठला काढला होता, डोळा त्याच्या मांडीवर होता आणि कीबोर्डला त्या सहा मिनिटांत कुणीही हात लावलेला नव्हता. त्या फाइलीला टिंबं नव्हती. नाव होतं. दोनच शब्द.

'लावा दिवा.'